आरोग्य विम्याच्या नूतनीकरणाची सूचना: निवृत्तांनी नेमके काय वाचावे?

दरवर्षी नोव्हेंबर महिन्यात देशभरातील निवृत्तिवेतनधारक बँकेत किंवा कोषागारात हयातीचा दाखला सादर करतात. त्यात सहसा चूक होत नाही, कारण दाखला न दिल्यास निवृत्तिवेतन थांबते हे सर्वांना ठाऊक असते. आरोग्य विम्याच्या नूतनीकरणाची जी सूचना वर्षातून एकदा घरी येते, तिच्या वाट्याला मात्र एवढी काळजी येत नाही. पहिल्या पानावरील रक्कम आणि मुदतीची तारीख पाहून धनादेश लिहिला जातो आणि उरलेली पाने फाईलला लावली जातात. त्या उरलेल्या पानांवर काय लिहिले होते, हे अनेकदा रुग्णालयाच्या हिशेब खिडकीसमोर उभे राहिल्यावर कळते.

सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या एका प्रकरणात नेमके हेच घडले होते. केरळमधील एका कुटुंबाकडे सार्वजनिक क्षेत्रातील एका विमा कंपनीची मेडिक्लेम पॉलिसी होती आणि ती दरवर्षी नूतनीकृत केली जात होती. २००८ च्या मार्च महिन्यात कंपनीने नेहमीप्रमाणे हप्त्याची मागणी केली आणि कुटुंबाने तो भरला. त्यानंतर जून महिन्यात विमाधारकांपैकी एकावर अँजिओप्लास्टी करावी लागली. खर्च सुमारे ३ लाख ८२ हजार रुपये झाला. विमा संरक्षणाची रक्कम त्याहून अधिक असल्याने पूर्ण भरपाई अपेक्षित होती. कंपनीने मात्र २ लाख रुपयेच दिले. नूतनीकृत पॉलिसीमध्ये या उपचारासाठी कमाल मर्यादा घालण्यात आल्याचे कारण तिने पुढे केले. अशी मर्यादा येणार असल्याचा उल्लेख हप्त्याच्या मागणीपत्रात नव्हता.

जिल्हा मंच आणि राज्य आयोगाने कुटुंबाच्या बाजूने कौल दिला, राष्ट्रीय आयोगाने तो फिरवला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने निकाल दिला. नूतनीकरणाच्या वेळी पॉलिसीत नवी मर्यादा घातली जात असेल, तर ती विमाधारकाला आधी कळवणे हे कंपनीचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. जुन्याच अटी पुढे चालू आहेत अशा समजुतीने हप्ता भरणाऱ्या ग्राहकाला न सांगितलेली अट लागू करता येणार नाही, असा या निकालाचा आशय आहे. न्याय मिळाला, परंतु त्यासाठी तेरा वर्षे लागली. सत्तरीच्या घरातील माणसाला तेरा वर्षांनी मिळणारी भरपाई कितपत उपयोगी पडते, हा प्रश्न उरतोच.

या निकालाने एक गोष्ट निश्चित झाली. बदल कळवला नसेल, तर ग्राहकाची बाजू भक्कम असते. मात्र बदल कळवला असेल, परंतु वाचला नसेल, तर ती बाजू फारच दुबळी होते. हप्ता भरणे म्हणजे कळवलेल्या बदलाला संमती देणे, असाच अर्थ त्यातून निघतो. आज बहुतांश प्रकरणे या दुसऱ्या प्रकारात मोडण्याची शक्यता अधिक आहे, कारण कंपन्या आता ई-मेल, लघुसंदेश आणि टपाल अशा विविध मार्गांनी सूचना पाठवतात आणि पाठवल्याची नोंदही ठेवतात.

एका पाकिटात दोन कागद

घरी येणाऱ्या पाकिटात वास्तविक दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. पहिली गोष्ट म्हणजे नूतनीकरणाचे स्मरणपत्र. पॉलिसी अमुक तारखेला संपत आहे आणि पुढील वर्षाचा हप्ता इतका आहे, एवढेच ते सांगते. दुसरी गोष्ट म्हणजे पॉलिसीच्या अटींमध्ये किंवा हप्त्याच्या दरांमध्ये होणाऱ्या फेरबदलाची सूचना. या दोहोंचे कायदेशीर स्थान एकसारखे नाही.

भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, अर्थात इर्डाईने ठरवून दिलेल्या प्रमाणित मजकुरानुसार, स्मरणपत्र पाठवण्याचा कंपनी प्रयत्न करील, परंतु ते पाठवणे तिच्यावर बंधनकारक नाही, असे पॉलिसीतच नमूद केलेले असते. म्हणजे स्मरणपत्र आले नाही म्हणून हप्ता भरायचा राहिला, ही सबब चालत नाही. फेरबदलाची सूचना मात्र वेगळी आहे. अटी किंवा दर बदलायचे असल्यास ते बदल अमलात येण्याच्या तीन महिने आधी विमाधारकाला कळवले जातील, असे आश्वासन त्याच प्रमाणित मजकुरात दिलेले असते. एखादी योजना पूर्णपणे बंद करायची असल्यास, पॉलिसीची मुदत संपण्याच्या ९० दिवस आधी कळवावे लागते.

यातून व्यवहारात एक साधी गोष्ट निष्पन्न होते. पॉलिसी १ एप्रिलला नूतनीकृत होत असेल, तर बदलाची सूचना डिसेंबरअखेर किंवा जानेवारीच्या आरंभी येणे अपेक्षित आहे. ती त्या वेळी आलेली असते, पण हप्त्याचा विषय तेव्हा दूर असल्याने बाजूला ठेवली जाते. मार्चमध्ये हप्त्याचे स्मरणपत्र येते तेव्हा बदलाचा कागद विस्मरणात गेलेला असतो. स्मरणपत्रावर सूचनेचा संदर्भ एखाद्या ओळीत दिलेला असतो, नाही असे नाही. मात्र साठी ओलांडलेल्या वाचकासाठी त्या अक्षरांचा आकार कोण ठरवते, हे कळायला मार्ग नाही.

अलीकडे यात आणखी एका अडचणीची भर पडली आहे. पॉलिसी आईवडिलांच्या नावावर असते, तर ई-मेल पत्ता आणि भ्रमणध्वनी क्रमांक परगावी नोकरी करणाऱ्या मुलाचा किंवा मुलीचा असतो. हप्ता बँक खात्यातून आपोआप वळता होतो. सूचना मुलाच्या टपालपेटीत पोहोचते, तो रक्कम पाहून समाधान मानतो आणि ज्यांना रुग्णालयात दाखल व्हायचे आहे त्यांना अटी बदलल्याचे कळतच नाही. हप्ता स्वयंचलित पद्धतीने वळता होत असला, तरी सूचनेची प्रत विमाधारकाच्या घरच्या पत्त्यावर मागवून घेणे हिताचे ठरते.

रक्कम पाहताना होणारी फसगत

सूचनेतील सर्वांत ठळक आकडा हप्त्याचा असतो आणि तोच दिशाभूल करू शकतो. व्यक्तिगत आरोग्य विमा पॉलिसींवरील १८ टक्के वस्तू आणि सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द करण्यात आला. कुटुंबासाठीच्या फ्लोटर पॉलिसी आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पॉलिसी यांनाही ही सूट लागू आहे. त्यामुळे त्या तारखेच्या आधीची पावती आणि नंतरची सूचना यांची एकूण रकमेवर तुलना केल्यास निष्कर्ष चुकतो.

उदाहरणादाखल, जुन्या पावतीवर मूळ हप्ता ४०,००० रुपये, कर ७,२०० रुपये आणि एकूण ४७,२०० रुपये होते असे समजू. नव्या सूचनेत एकूण रक्कम ४६,००० रुपये आहे. वरवर पाहता १,२०० रुपयांची बचत झाली. प्रत्यक्षात मूळ हप्ता ४०,००० वरून ४६,००० वर, म्हणजे १५ टक्क्यांनी वाढलेला आहे. करसवलतीने वाढ झाकली गेली, एवढेच. म्हणून तुलना नेहमी कर वगळून, मूळ हप्त्याची मूळ हप्त्याशी करावी.

हा १५ टक्क्यांचा आकडा आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. इर्डाईने ३० जानेवारी २०२५ रोजी विमा कंपन्यांना निर्देश दिले की, ६० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या विमाधारकांच्या हप्त्यात वर्षभरात १० टक्क्यांहून अधिक वाढ करायची असल्यास आधी प्राधिकरणाशी विचारविनिमय करावा. ज्येष्ठांसाठीची एखादी व्यक्तिगत योजना बंद करण्यापूर्वीही असाच विचारविनिमय आवश्यक करण्यात आला. हा निर्देश म्हणजे वाढीवरील पूर्ण बंदी नव्हे, हे ध्यानात घ्यायला हवे. तरीही १० टक्क्यांपेक्षा अधिक वाढ दिसल्यास, ती कशामुळे झाली आणि प्राधिकरणाशी विचारविनिमय झाला होता काय, हे कंपनीला लेखी विचारण्यास त्यामुळे निश्चित आधार मिळतो.

हप्ता वाढण्याची कारणेही एकसारखी नसतात. विमाधारक पुढील वयोगटात गेल्यामुळे झालेली वाढ वेगळी आणि संपूर्ण योजनेचे दर सुधारल्यामुळे झालेली वाढ वेगळी. सूचनेत ही फोड दिलेली नसेल, तर ती मागता येते. गेल्या वर्षी दावा केला म्हणून एखाद्या व्यक्तीचा हप्ता मात्र वाढवता येत नाही. नूतनीकरणाच्या वेळी व्यक्तीच्या वैयक्तिक दाव्यांवरून अधिभार लावता येणार नाही, असा नियम आहे. दावा केल्याच्या कारणावरून नूतनीकरण नाकारताही येत नाही. फसवणूक किंवा महत्त्वाची माहिती दडवल्याचे आढळणे हा त्याला अपवाद आहे. मनमानी पद्धतीने नूतनीकरण नाकारण्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच सार्वजनिक क्षेत्रातील विमा कंपनीला फटकारले होते.

हप्ता तोच, संरक्षण कमी

हप्ता वाढला तर निदान नजरेस येतो. हप्ता स्थिर ठेवून संरक्षण कमी केले, तर ते लक्षात येत नाही आणि म्हणूनच सूचनेचा हा भाग अधिक बारकाईने वाचावा लागतो. यातील तीन शब्द पाहताक्षणी थांबावे: खोलीभाड्याची मर्यादा, को-पेमेंट आणि उपमर्यादा.

खोलीभाड्याची मर्यादा ही सर्वाधिक गैरसमजाची बाब आहे. विमा रकमेच्या एक टक्का प्रतिदिन, अशी मर्यादा घातली जाते. पाच लाखांच्या पॉलिसीला ती पाच हजार रुपये होते. आठ हजार रुपयांची खोली घेतली, तर दररोजचे तीन हजार आपण भरू, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात खोलीच्या दर्जानुसार शल्यविशारदाचे मानधन, शस्त्रक्रियागृहाचे शुल्क, शुश्रूषेचे शुल्क असे अनेक खर्च वाढतात, म्हणून कंपनी त्या सर्व संलग्न खर्चांतही त्याच प्रमाणात कपात करते. आठ हजारांपैकी पाच हजार म्हणजे साडेबासष्ट टक्के. संलग्न खर्चही तेवढाच मान्य होतो. औषधे, शरीरात बसवली जाणारी उपकरणे आणि तपासण्या यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही, तसेच अतिदक्षता विभागालाही ती लागू होत नाही, असे इर्डाईने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. ज्या रुग्णालयात खोलीनुसार दर बदलत नाहीत, तेथेही ही कपात लागू होत नाही.

आता एक हिशेब मांडून पाहू. चार दिवसांच्या वास्तव्याचे देयक असे आहे: खोलीभाडे ३२,००० रुपये, संलग्न खर्च १,६०,००० रुपये, औषधे, उपकरणे आणि तपासण्या ९०,००० रुपये. एकूण २,८२,००० रुपये. पूर्वीच्या पॉलिसीत कोणतीही मर्यादा नसल्यास ही सर्व रक्कम मान्य होण्याजोगी होती. नव्या अटीनुसार खोलीभाड्यापोटी २०,०००, संलग्न खर्चापोटी १,००,००० आणि तिसऱ्या गटापोटी पूर्ण ९०,००० असे २,१०,००० रुपये मान्य होतील. त्याच सूचनेत २० टक्के को-पेमेंटची अटही आली असेल, तर मान्य रकमेतून आणखी ४२,००० रुपये वजा होऊन कंपनी १,६८,००० रुपये देईल. रुग्णाच्या पदरी उरतील १,१४,००० रुपये. हप्ता मात्र गेल्या वर्षीइतकाच असेल.

को-पेमेंट म्हणजे मान्य झालेल्या प्रत्येक दाव्याचा ठरावीक हिस्सा विमाधारकाने स्वतः सोसणे. ज्येष्ठांच्या योजनांमध्ये ही अट सर्रास आढळते. काही पॉलिसींत ती विशिष्ट वय ओलांडल्यावर आपोआप लागू होते आणि त्यासाठी वेगळी सूचना येत नाही, कारण ती मूळ करारातच असते. म्हणून ६० किंवा ६५ वर्षे पूर्ण होणाऱ्या वर्षी मूळ पॉलिसीपत्र एकदा उघडून पाहावे. उपमर्यादा म्हणजे विशिष्ट उपचारासाठी घातलेली वेगळी कमाल रक्कम. मोतीबिंदू, गुडघ्याचे सांधेरोपण आणि हृदयाच्या शस्त्रक्रिया यांच्याबाबतीत तिचा वापर होतो. साठीनंतर नेमक्या याच शस्त्रक्रियांची शक्यता वाढते, हा योगायोग नव्हे.

रुग्णालयांच्या जाळ्यातील बदल या सूचनेत बहुधा सापडत नाहीत. रोकडरहित सेवेसाठी करारबद्ध असलेली रुग्णालये वर्षाच्या मध्यातही वगळली किंवा जोडली जातात. जानेवारी २०२४ पासून विमा कंपन्यांनी करारबद्ध नसलेल्या रुग्णालयातही रोकडरहित सेवा देण्याचा उपक्रम सुरू केला आहे. त्यासाठी नियोजित उपचार असल्यास किमान ४८ तास आधी कळवावे लागते आणि रुग्णालयाचीही तयारी असावी लागते. तेव्हा घराजवळचे रुग्णालय यादीत आहे काय, हे नूतनीकरणाच्या वेळी वेगळे तपासावे.

सर्वच बदल प्रतिकूल असतात असे नाही. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या विनियमांनी आधीपासून असलेल्या आजारांसाठीचा कमाल प्रतीक्षा कालावधी ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आणला. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यानंतर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. सूचनेत हे बदल आले असतील, तर आपल्या पॉलिसीला किती महिने झाले याची नोंद त्यावर लिहून ठेवावी. मात्र विमा रक्कम वाढवली असल्यास वाढीव भागासाठी ही गणना वाढीच्या तारखेपासून सुरू होते.

निवृत्तांच्या समूह पॉलिसी

आतापर्यंतचे विवेचन व्यक्तिगत पॉलिसींचे होते. निवृत्तांचा एक मोठा वर्ग समूह पॉलिसीखाली येतो आणि तेथील नियम बरेच वेगळे आहेत. बँकांच्या निवृत्त कर्मचाऱ्यांसाठी भारतीय बँक संघाच्या माध्यमातून २०१५ पासून चालणारी योजना हे याचे परिचित उदाहरण. तिचे वर्ष १ नोव्हेंबरला सुरू होते आणि त्याआधी प्रत्येक बँक आपल्या निवृत्तांना परिपत्रक पाठवते. हप्ता निवृत्तांनी भरायचा असतो.

समूह पॉलिसीचा करार कंपनी आणि संस्था यांच्यात असतो, निवृत्त व्यक्ती त्यात केवळ सदस्य असते. हप्ता संपूर्ण समूहाच्या दाव्यांवरून ठरतो. समूहातील सर्वच सदस्य वयस्क असल्याने दावे अधिक येतात, हप्ता वाढतो, तुलनेने धडधाकट सदस्य बाहेर पडतात आणि उरलेल्यांचा हप्ता आणखी वाढतो. या चक्रामुळेच निवृत्त संघटनांच्या बैठकांत दरवर्षी हा विषय अग्रभागी असतो. वस्तू आणि सेवा करातील २०२५ ची सूट व्यक्तिगत पॉलिसींपुरती दिलेली असल्याने, समूह योजनेच्या परिपत्रकात कराचा रकाना स्वतंत्रपणे पाहणे आवश्यक आहे.

अशा परिपत्रकात दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली, पर्याय कळवण्याची अंतिम तारीख. ती बहुधा पॉलिसी संपण्याच्या कितीतरी आधीची असते आणि त्या दिवसापर्यंत खात्यात पुरेशी शिल्लक असावी लागते. दुसरी, या वर्षी बाहेर पडल्यास पुढील वर्षी परत येता येईल काय, याविषयीचे कलम. हप्ता जड वाटतो म्हणून एक वर्ष थांबू, असा विचार करणाऱ्याला परतीचा मार्ग बंद झाल्याचे उशिरा उमगते.

खासगी कंपनीतून निवृत्त होणाऱ्यांची स्थिती आणखी निराळी. नोकरीत असताना मालकाच्या समूह पॉलिसीचे संरक्षण असते आणि ते निवृत्तीबरोबर संपते. समूहातून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या व्यक्तिगत पॉलिसीत स्थलांतरित होण्याचा आणि पूर्ण झालेल्या प्रतीक्षा कालावधीचे श्रेय मिळवण्याचा हक्क सदस्याला असतो. हा हक्क निवृत्तीच्या आधीच बजवावा लागतो. मनुष्यबळ विभागाकडून याची आपणहून माहिती मिळेल, असे गृहीत धरू नये.

केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे, म्हणजे सीजीएचएसचे लाभार्थी विमाधारक नसल्याने त्यांना नूतनीकरणाचा हा प्रश्न येत नाही. ७० वर्षे पूर्ण झालेल्या सर्व नागरिकांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेखाली, उत्पन्नाची अट न ठेवता, कुटुंबामागे वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण उपलब्ध आहे. खासगी विमा असलेल्यांनाही आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येते, तर सीजीएचएससारख्या सरकारी योजनेच्या लाभार्थ्यांना दोहोंपैकी एक निवडावे लागते. हे कार्ड हाती आले म्हणून खासगी पॉलिसी बंद करणे मात्र घाईचे ठरेल. कार्ड केवळ योजनेशी संलग्न रुग्णालयांतच चालते आणि एकदा खंडित केलेली पॉलिसी पंचाहत्तरीत पुन्हा मिळवणे सोपे नसते.

बदल मान्य नसेल तर

सूचनेतील बदल अमान्य असल्यास तीन वाटा उरतात. एक, त्याच कंपनीच्या दुसऱ्या योजनेत स्थलांतर. दोन, दुसऱ्या कंपनीकडे पोर्टेबिलिटी. तीन, तक्रार.

पोर्टेबिलिटीसाठी सर्वसाधारणपणे पॉलिसींच्या अटींनुसार नूतनीकरणाच्या तारखेआधी किमान ४५ दिवस, परंतु ६० दिवसांहून आधी नाही, अर्ज करावा लागतो. म्हणजे उपलब्ध कालावधी अवघा पंधरा दिवसांचा आहे. हप्त्याचे स्मरणपत्र हाती पडेपर्यंत हे पंधरा दिवस निघून गेलेले असू शकतात. म्हणून विमाधारकाच्या दृष्टीने खरी अंतिम तारीख हप्त्याची नसून ही असते. १ एप्रिलच्या पॉलिसीसाठी ती फेब्रुवारीच्या मध्यापूर्वी येते. नवी कंपनी जुना प्रतीक्षा कालावधी मान्य करते, तो मात्र जुन्या विमा रकमेपुरताच. शिवाय प्रकृतीचा विचार करून अर्ज नाकारण्याचा अधिकार तिला आहे. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या ज्येष्ठांना हा नकार अनेकदा पचवावा लागतो. नव्या कंपनीकडून लेखी स्वीकृती मिळेपर्यंत जुन्या पॉलिसीचा हप्ता थांबवू नये, ही खबरदारी त्यासाठीच.

मूळ योजनाच बंद होत असल्यास, प्रतीक्षा कालावधी आणि बोनस यांच्यासह त्याच कंपनीच्या समान योजनेत जाण्याचा पर्याय विमाधारकाला मिळतो. कंपनी सुचवील ती योजना तशीच स्वीकारण्याआधी खोलीभाडे, को-पेमेंट आणि उपमर्यादा हे तीन रकाने जुन्या पॉलिसीशेजारी ठेवून पाहावेत.

हप्ता भरण्यास उशीर झाल्यास वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीला ३० दिवसांची वाढीव मुदत मिळते. या काळात पैसे भरल्यास पॉलिसीचे सातत्य टिकते. परंतु मधल्या दिवसांत उद्भवलेल्या उपचारांना संरक्षण नसते. वाढीव मुदत ही सूचनेवर विचार करण्यासाठी दिलेली सवलत आहे असे मानणे त्यामुळे धोक्याचे आहे.

तक्रार प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी द्यावी. इर्डाईच्या बीमा भरोसा या संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या निःशुल्क क्रमांकावरही ती नोंदवता येते. कंपनीने तक्रार फेटाळल्यास किंवा ३० दिवसांत उत्तर न दिल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. हप्त्यासंबंधीचा वाद आणि पॉलिसीच्या अटींचे चुकीचे निवेदन हे विषयही लोकपालाच्या कक्षेत येतात. ५० लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यांचा निर्णय लोकपाल देऊ शकतात, त्यासाठी शुल्क नाही आणि वकिलाची आवश्यकताही नाही. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. अधिकारक्षेत्र विमाधारकाच्या निवासावरून किंवा कंपनीच्या शाखेवरून ठरते. मुंबई आणि पुण्याप्रमाणेच इंदूरच्या मराठी रहिवाशासाठी भोपाळ, बडोद्याच्या रहिवाशासाठी अहमदाबाद आणि बेळगावच्या रहिवाशासाठी बंगळूरु येथे लोकपालाचे कार्यालय आहे.

तक्रारीसोबत जोडण्याचा सर्वांत उपयोगी कागद म्हणजे गेल्या वर्षीचे ग्राहक माहितीपत्रक. विमा रक्कम, प्रतीक्षा कालावधी, मर्यादा, को-पेमेंट आणि वगळलेल्या बाबी यांचा गोषवारा सोप्या शब्दांत देणारे हे पत्रक प्रत्येक आरोग्य पॉलिसीसोबत देणे कंपन्यांना बंधनकारक आहे. त्याचा सुधारित नमुना १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला आहे. विमाधारकाने इच्छा व्यक्त केल्यास ते स्थानिक भाषेत उपलब्ध करून द्यावे, असेही इर्डाईने बजावले आहे. इच्छा व्यक्त करणे म्हणजे कंपनीला दोन ओळींचे पत्र किंवा ई-मेल पाठवणे. त्यात पॉलिसी क्रमांक लिहावा, पत्रक मराठीतून मागावे आणि नव्या वर्षाच्या पत्रकासोबत गेल्या वर्षीचेही पाठवण्याची विनंती करावी.